जुने घर, सिमेंटचा पत्रा आणि न दिसणारे तंतू

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. वाशीम जिल्ह्यातील आसेगावी माझे एक शिक्षक मित्र जुने घर विकत घेण्याच्या विचारात होते. "तुम्ही सुट्टीत आलाच आहात, तर एकदा नजर टाका," असे ते म्हणाले, म्हणून मीही त्यांच्याबरोबर घर पाहायला गेलो. पुढच्या दोन खोल्या पक्क्या विटांच्या होत्या आणि मागे मातीच्या भिंतींचे जुने स्वयंपाकघर व गोठा होता. पूर्वी या मागच्या भागावर कवेलू होती. वानरांच्या उड्यांनी कवेलू दरवर्षी फुटायची, म्हणून मालकांनी ती काढून करड्या रंगाचे नालीदार पत्रे घातले. त्यालाही आता पंचवीस वर्षे होऊन गेली होती.

सौदा जमवणाऱ्या गृहस्थांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि छपरावर आतून दोन दणके दिले. "पाहा सर, किती दणकट हाय! इतकी वर्सं झाली, काई नाई झालं याले." दणक्यासरशी वरून थोडी पांढरट भुकटी पडली. मित्रांनी ती खांद्यावरून झटकली. पलीकडे, कवाडाच्या फटीतून येणाऱ्या कवडशात ती भुकटी बराच वेळ तरंगत राहिली. मी मित्रांना हळूच म्हटले, "सर, आपण जरा बाहेर अंगणात उभे राहून बोलू."

त्या वेळी अंगणात जे बोलणे झाले, ते थोड्या विस्ताराने येथे मांडतो. हा प्रश्न एका घराचा नाही. खेड्यातली घरे, गोठे, गोदामे, बसथांबे, शाळांच्या खोल्या यांपैकी असंख्य ठिकाणी हाच पत्रा आपल्या डोक्यावर आहे.

पत्र्यात असते काय?

ज्याला आपण 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो, तो बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा असतो. नुसत्या सिमेंटचा सहा मिलिमीटर जाडीचा एवढा मोठा तक्ता केला, तर तो उचलतानाच मोडेल. मातीच्या भिंतीला लिंपताना आपण चिखलात गव्हांडा किंवा भुसा मिसळतो, तो ज्या कामासाठी, त्याच कामासाठी सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळतात. ते सिमेंटला धरून ठेवतात. कागद करण्याच्या यंत्रासारख्या यंत्रावर असे पातळ तक्ते तयार करण्याची पद्धत ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक यांनी विसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभी शोधून काढली. भारतात हे उत्पादन १९३४ पासून होत आहे. स्वस्त, न गंजणारा, न जळणारा आणि टिनाइतका न वाजणारा असा हा पत्रा पाहता पाहता सर्वत्र पसरला.

अ‍ॅस्बेस्टॉस हे एका खनिजाचे नाव नाही. तंतूंच्या रूपात आढळणाऱ्या सहा सिलिकेट खनिजांना मिळून हे नाव दिले जाते. क्रिसोटाइल म्हणजे पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस, क्रोसिडोलाइट म्हणजे निळे आणि अ‍ॅमोसाइट म्हणजे तपकिरी, ही त्यांतली व्यापारातली तीन. आपल्याकडच्या पत्र्यांत प्रामुख्याने पांढरे वापरले जाते. त्याचे प्रमाण साधारणपणे ८ ते १० टक्के असते.

आकडा लहान वाटतो, म्हणून थोडा हिशेब करू. तीन मीटर लांब व सुमारे एक मीटर रुंद पत्र्याचे वजन जवळजवळ ४० किलो भरते. त्यातले ८ टक्के म्हणजे तीन किलोहून अधिक तंतू झाले. त्या गोठ्यावर व स्वयंपाकघरावर मिळून असे वीस पत्रे होते. म्हणजे साठ किलोहून अधिक तंतू त्या छपरात बंदिस्त होते.

'बंदिस्त' हा शब्द महत्त्वाचा आहे. पत्रा अखंड आहे, तोवर हे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. अशा छपराखाली माणूस बसला तर त्याला लगेच धोका पोचतो असे नाही. पत्रा फोडला, कापला, घासला, त्याला भोक पाडले किंवा तो ऊनपावसाने झिजला, की तंतू मोकळे होतात. धोका मोकळ्या झालेल्या तंतूंचा असतो.

एवढ्याशा तंतूचे एवढे भय का?

कापसाचा धागा पिळवटला तर तो बारीक होत जातो. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतूही उभा चिरत जातो आणि प्रत्येक वेळी अधिक बारीक होतो. क्रिसोटाइलचा सर्वांत बारीक तंतू एक मिलिमीटरच्या सुमारे तीस हजाराव्या भागाएवढा जाड असतो. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे सुमारे दोन हजार तंतू शेजारी शेजारी बसतील. हवेत उडणारे तंतू पुष्कळदा अशा अनेक तंतूंच्या जुड्या असतात, पण त्याही डोळ्यांना दिसत नाहीत.

श्वासाबरोबर येणारी जाड धूळ नाकात व श्वासनलिकेत अडकते आणि शेंबडातून, खोकल्यातून बाहेर पडते. हे बारीक तंतू मात्र फुप्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तेथे सफाईचे काम करणाऱ्या भक्षक पेशी असतात. त्या परक्या कणाला गिळून टाकतात. पण तंतू पेशीपेक्षाही लांब असेल, तर ती त्याला पुरती गिळू शकत नाही. मांजराने घशात मावणार नाही असे लांब हाडूक तोंडात घ्यावे, तशी तिची अवस्था होते. या धडपडीत तिच्यातून दाहक रसायने बाहेर पडतात आणि आसपासच्या ऊतींना इजा होते. तंतू विरघळत नाही, म्हणून ही इजा वर्षानुवर्षे चालू राहते.

यातून प्रामुख्याने तीन आजार उद्भवतात. अ‍ॅस्बेस्टॉसिस या आजारात फुप्फुस कडक होत जाते व दम लागतो. दुसरा आजार फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. इंग्लंडमधील रॉचडेल येथील कारखान्यात काम करणारी नेली कर्शॉ १९२४ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसाची तपासणी करून डॉ. कुक यांनी त्याच वर्षी अहवाल प्रसिद्ध केला, आणि या आजाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतले काही जण खाणीत कधीच उतरलेले नव्हते, ते फक्त खाणीच्या परिसरात राहिले होते. पुढे १९६५ साली लंडनमधील रुग्णांच्या अभ्यासात, कामगारांचे धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या नातेवाइकांनाही हा रोग झाल्याचे दिसले.

आपल्याकडेही हे घडले आहे. मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांची तपासणी करून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २२ टक्के कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस असल्याचे आढळले. त्याआधी, २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला होता. अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर ठेवली पाहिजे, असे त्यात सांगितले. चाळीस वर्षे कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारण्यासारखा आहे. तंतू आत गेल्यापासून कर्करोग दिसेपर्यंत पुष्कळदा वीस ते चाळीस वर्षे जातात, हे त्याचे उत्तर. "इतकी वर्सं झाली, काई नाई झालं" हे वाक्य म्हणूनच निर्धास्त करणारे नाही.

येथे प्रमाणाचे भान मात्र ठेवले पाहिजे. वर उल्लेखलेले बहुतेक लोक दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे दाट धुळीत वावरले होते. अर्धा तास घर पाहायला गेलेल्या माणसाचा धोका त्या मानाने अत्यंत अल्प असतो. पण ज्याखाली धोका मुळीच नाही, अशी सुरक्षित मर्यादा विज्ञानाला सापडलेली नाही. त्यामुळे टाळता येणारी धूळ टाळावी, एवढाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

कवडशातील प्रयोग

हा मुद्दा वर्गात दाखवण्यासाठी अ‍ॅस्बेस्टॉसला हात लावण्याची गरज नाही, आणि लावूही नये. खिडक्या-दारे लावून खोली अंधारी करा, एकच कवडसा आत येऊ द्या आणि त्याच्याजवळ खडूने भरलेले डस्टर एकदा हलकेच आपटा. जाड कण काही क्षणांत खाली बसतात, बारीक मात्र तरंगत राहतात.

द्रवात किंवा वायूत पडणाऱ्या लहान कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा स्टोक्सचा नियम वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्या व्यासाचा दगडी कण स्तब्ध हवेत तासाला सुमारे २७ सेंटिमीटर एवढाच खाली येतो. दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला पाच तासांहून अधिक वेळ लागेल. तंतूचा पडण्याचा वेग मुख्यतः त्याच्या जाडीवर ठरतो, लांबीवर फारसा नाही. म्हणून सकाळी फोडलेल्या पत्र्याची धूळ दुपारी जेवायला बसलेल्यांच्या श्वासात असू शकते, आणि खाली बसलेली धूळ झाडूच्या एका फटकाऱ्याने पुन्हा वर येते.

परदेशातला सल्ला आपल्याला पुरत नाही

इंग्लंडमध्ये जुने घर घेणारा माणूस आधी विचारतो, घर कोणत्या सालचे? तेथे १९९९ साली अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली, ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीस. त्यानंतर बांधलेल्या घराबद्दल काळजी करण्याचे सहसा कारण नसते. साठाहून अधिक देशांत आज अशी बंदी आहे. अमेरिकेनेही २०२४ मध्ये क्रिसोटाइलवर बंदी जाहीर केली.

आपल्याकडे खाणींना नवे परवाने देणे १९८६ पासून थांबवले गेले. पण तंतूंची आयात, मुख्यतः रशियासारख्या देशांतून, आणि पत्र्यांचे उत्पादन चालू आहे. त्यामुळे 'अमुक सालानंतरचे घर निर्धोक' असे आपण म्हणू शकत नाही. पाच वर्षांपूर्वीचा पत्राही अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. दुसरा फरक जागेचा आहे. थंड देशांत हे खनिज फरशीच्या लाद्यांत, छताच्या मुलाम्यात, गरम पाण्याच्या नळांच्या वेष्टणात लपलेले असते. आपल्याकडे ते बहुधा उघड्यावर, डोक्यावरच्या पत्र्यात असते. म्हणजे शोधायला सोपे, पण ऊन, पाऊस आणि वानरे यांच्या माऱ्यात.

घर पाहताना काय पाहावे?

पहिला नियम असा, की पाहावे डोळ्यांनी, हातांनी नव्हे. ठोकू नये, ओरखडू नये, तुकडा मोडून आतले तंतू पाहण्याचा मोह टाळावा.

पत्रा लोखंडी की सिमेंटचा, हे ओळखायला लोहचुंबक पुरते. टिनाला चुंबक चिकटतो, सिमेंटच्या पत्र्याला चिकटत नाही. ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही, पण तो पत्रा पातळ व चकचकीत असल्याने गोंधळ होत नाही. सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे की दुसरे तंतू, हे मात्र डोळ्यांनी सांगता येत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसविरहित पत्रेही बाजारात मिळतात. छाप किंवा खरेदीची पावती असेल तर पाहावी. खात्री प्रयोगशाळेतच होते, ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने किंवा क्ष-किरण विवर्तनाने. तशी खात्री होईपर्यंत अ‍ॅस्बेस्टॉस आहे असेच धरून चालावे.

मग छपराची प्रकृती पाहावी. कडा झिजून तंतूंची लव दिसते का? शेवाळ धरले आहे का? तडे, भोके, जुने-नवे खिळे किती? पन्हाळीत व वळचणीखाली करडा गाळ साठला आहे का? पावसाचे पाणी सिमेंट हळूहळू विरघळवते आणि मोकळे झालेले तंतू या गाळात उतरतात. आत छपराखाली चूल आहे का, हेही पाहावे. अ‍ॅस्बेस्टॉस जळत नाही हे खरे, पण फार तापल्यावर हा पत्रा तडतडून फुटतो व तुकडे उडतात. अंगणात पत्र्याचे तुकडे कोंबड्यांच्या खुराड्याला, न्हाणीच्या आडोशाला लावलेले असतात, तेही मोजावेत. पाण्याच्या जुन्या टाक्या, धुराडी, संडासाचे वायुनलिकेचे पाइप आणि नळयोजनेचे ए. सी. पाइप हेही याच कुळातले. पाइपातून येणारे पाणी पिण्याने आरोग्याला अपाय होतो, असा सुसंगत पुरावा नसल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण तो पाइप करवतीने कोरडा कापला तर धूळ उडते.

आणखी एक गोष्ट, आजच्या आज जीव घेऊ शकेल अशी. छपर पाहण्यासाठी या पत्र्यावर कधीही चढू नये. जुना पत्रा ठिसूळ असतो. तो वाकून इशारा देत नाही, एकदम मोडतो.

राहू द्यावा की काढावा?

पत्रा धड असेल, तर त्याला त्रास न देणे हाच पहिला उपाय. त्यावर रंग द्यायचा असेल, तर आधी तारेच्या ब्रशने कोरडा घासू नये, जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये. पंखा, तारा, हिरवी जाळी यांसाठी त्याला भोके पाडू नयेत.

काढायचाच असेल, तर हातोडा बाजूला ठेवावा. या कामाची माहिती असलेला माणूस शोधावा. घरातली मुले-माणसे त्या दिवशी दुसरीकडे न्यावीत, भांडी व धान्य हलवावे. पत्र्यावर साबणाच्या चार थेंबांचे पाणी हलकेच शिंपडून तो ओला करावा व ओलाच ठेवावा. हूक ओढून न काढता कापावेत. पत्रा अखंड उतरवावा, वरून टाकू नये. खाली आल्यावर जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधावा. काम करणाराने तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही. एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. शेवटी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडकेही पत्र्याबरोबर गुंडाळावे. अंगातले कपडे झटकू नयेत, घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

काढलेल्या पत्र्याचे काय करावे, हा सर्वांत अवघड भाग. २०१६ च्या घातक कचरा नियमांत टाकून दिलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसची गणना घातक कचऱ्यात होते. नागपूरजवळ बुटीबोरीला अशा कचऱ्याची विल्हेवाट लावणारे केंद्र आहे. पत्रे काढण्यापूर्वीच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात चौकशी करावी. तोवर ते गुंडाळलेले, कोणाचा हात लागणार नाही असे ठेवावेत. चुरा करून रस्त्याच्या खड्ड्यात भरणे किंवा शेजाऱ्याला गोठ्यासाठी देणे, म्हणजे आपला धोका दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे होय.

मिस्त्रींचा प्रश्न

आम्ही अंगणात हे बोलत असताना मित्रांनी बरोबर आणलेले मिस्त्री शांतपणे ऐकत होते. त्यांचा अंदाज आधीच ठरला होता. दोन माणसे, एक दिवस, हातोड्याने फोडून पत्रे खाली. माझे बोलणे संपल्यावर ते म्हणाले, "सायेब, मी पंधरा वर्सं झाली हेच करून राह्यलो. कितीक छपरं फोडली असतील. मग माह्यं काय?"

या प्रश्नाला गोड उत्तर देणे सोपे होते, पण ते खरे ठरले नसते. आत गेलेले तंतू काढून टाकणारे औषध नाही, हे मी त्यांना सांगितले. पण असे काम केलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असेही नाही. धोका आत गेलेल्या एकूण धुळीबरोबर वाढतो, म्हणून आजपासून टाळलेली धूळही उपयोगाचीच. दुसरे सांगितले ते त्यांच्या खिशातल्या बिडीबद्दल. अमेरिकेतील अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांचा १९७९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवतो, की दोन्हींपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू नुसत्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे सुमारे ५ पट, नुसत्या धूम्रपानामुळे ११ पट, आणि दोन्ही एकत्र आल्यास ५० पटींहून अधिक होते. पाच आणि अकरा यांची ही बेरीज नसून जवळजवळ गुणाकार आहे. तंतू काढता येत नाही, बिडी सोडता येते. तिसरे म्हणजे, खोकला वा दम यासाठी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा हे काम केल्याचे न विसरता सांगा. डॉक्टर छातीचा फोटो पाहतील, पण धंदा विचारतीलच असे नाही.

मिस्त्रींनी नवा अंदाज दिला. तीन माणसे, तीन दिवस, पत्रे अखंड उतरवायचे. मास्क, प्लास्टिक व वाहतूक यांचा खर्च वेगळा लिहिला. मित्रांनी तो कागद मालकांपुढे ठेवला आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगितली. थोडी घासाघीस झाली, पण मालकांनी ते मान्य केले. छपराची अवस्था ही घराच्या किमतीचाच भाग आहे, हे त्यांनाही पटले.

शिक्षकांना जाता जाता एक विनंती. आपल्या प्रयोगशाळेतील कपाटात तारेच्या जुन्या जाळ्या असतील. मध्ये पांढरा गोल थर असलेल्या, चंचुपात्राखाली ठेवायच्या त्या. पूर्वी तो थर अ‍ॅस्बेस्टॉसचा असे, अलीकडच्या जाळ्यांत तो चिनीमातीसारख्या पदार्थाचा असतो. थर सुटू लागलेली जुनी जाळी मुलांच्या हाती न देता पिशवीत बंद करून ठेवा. आणि वर्गाच्या छपरावर सिमेंटचा पत्रा असेल, तर तो कोठे फुटला आहे हे पाहा, लिहून ठेवा, आणि दुरुस्तीला माणूस येईल तेव्हा ते काम सुट्टीच्या दिवशी करून घ्या.